एक चाल, सहा वेष आणि एक पत्र्याची ट्रंक

मार्चमध्ये एका मित्राचा फोन आला. कॉलेजात एकांकिका करायचो तेव्हापासूनचा मित्र, आता बाहुल्यांची नाटकं करतो. म्हणाला, चाळीस मिनिटांचं नाटक बसवतोय, त्यात एकही शब्द नाहीये, सगळं म्युझिकवर, करशील का. मी पेटीवाली बाई. विशारद झाले, भजनाला वाजवते, दोन बालनाट्यांना संगीत दिलंय आणि दिवसभर ऑफिसात फायली. मी हो म्हणाले कारण त्या दिवशी ऑफिसात फार वैताग झाला होता, दुसरं काही कारण नाही.

गोष्ट एका पत्र्याच्या ट्रंकेची आहे. गोव्यातल्या सासष्टीतल्या एका गावातला व्हायोलिन वाजवणारा माणूस ती घेऊन मुंबईला निघतो, धोबीतलावच्या कुडीत राहतो (कूड म्हणजे गावागावाच्या गोवेकरांनी मिळून चालवलेली राहायची जागा, खरंच असायच्या, काही अजून आहेत), ट्रंक एकदा ट्राममध्ये विसरते ती लालबागच्या चाळीत पोचते, मग परत सापडते, मग हॉटेलचा बँड, मग बोट, मग फिल्मचं रेकॉर्डिंग आणि शेवटी परत गाव. सहा प्रसंग, सहा प्रकारचं संगीत. आणि अट अशी की चाल एकच पाहिजे. कारण ट्रंक बोलत नाही, मुलांनी तिला चालीवरून ओळखायचं.

अट ऐकून मला वाटलं की उलट सोपं झालं, चाल एकदा बांधली की पाच वेळा कपडे बदलायचे. पहिला महिना मी नेमकं तेच केलं आणि सगळाच्या सगळा फेकून द्यावा लागला.

झालं असं की रीपरमध्ये (लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) चाल वाजवली आणि त्याच्यावर गावासाठी गिटार, लालबागसाठी ढोलकीचा लूप, हॉटेलसाठी ट्रम्पेट, बोटीसाठी अकॉर्डियन असं चढवत गेले. सहा दिवसांत सहा तुकडे, मी खूश. मित्राला ऐकवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, अगं हे ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवर स्टाईलची बटणं असतात ना, वॉल्ट्झ, स्विंग, भांगडा, तसं कुणीतरी एकेक बटण दाबतंय असं वाटतंय. राग आला, पण घरी येऊन परत ऐकलं तर खरंच तसंच होतं. वाद्यं बदलत होती, माणूस बदलत नव्हता. चाल कुठेही गेली तरी आमच्या डोंबिवलीतच.

मग आधी चालीकडेच बघितलं. मी ती यमनच्या अंगाने बांधली होती, पेटीवर हात आपोआप तिकडेच जातो. तीव्र मध्यम, शुद्ध निषाद, सगळं गोड. पण बोटीच्या वॉल्ट्झमध्ये जिथे खाली शुद्ध म चा कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) यायला हवा तिथे वर चालीत तीव्र म, दोघं एकमेकांच्या अंगावर. हॉटेलच्या स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, तर कुठलाही कॉर्ड टाका, यमन वर येऊन उभा राहायचा की मी इथे आहे. दोन रात्री याच्याशी झगडल्यावर सरळ म आणि नी काढूनच टाकले. राहिले सा रे ग प ध, म्हणजे भूप. चालीचा तोंडवळा असा झाला: ग रे सा, रे ग प, ध प ग, रे ग रे सा.

भूपात गंमत ही आहे की अर्ध्या सुराचं अंतर कुठेच नाही, त्यामुळे खाली कुठलाही कॉर्ड सरकवा, चाल फारशी भांडत नाही. आणि दुसरी गंमत क्लासमध्ये शिकलेली, परीक्षेला लिहिलेली, पण कधी वापरलेली नव्हती, ती मूर्च्छना. भूपाचे तेच पाच सूर, पण ध ला सा मानलं की धानी, ग ला सा मानलं की मालकंस, प ला मानलं की दुर्गा. सूर तेच, जमीन हलवायची. म्हणजे चालीला हात न लावता तिचा स्वभाव बदलता येतो. हे डोक्यात आल्यावर मी रात्री साडेअकराला उठून पेटी उघडली आणि सासूबाई आतून म्हणाल्या, अगं आता काय आरती आहे का.

पहिलं हातात घेतलं लालबाग, कारण वाटलं हे तर आपलंच. लालबाग म्हणजे गिरणगाव, हनुमान थिएटर, तमाशा, तर लावणीचा बाज पाहिजेच. लूप काढून खऱ्या ढोलकीवाल्याला बोलावलं. हा मुलगा बत्तीस-तेहतीसचा, लावणीच्या पार्टीत वाजवतो, आमच्याकडे पत्ता शोधत आला तो ढोलकी बाळासारखी छातीशी धरून. आल्याआल्या म्हणाला, ताई पट्टी कुठली? म्हटलं पांढरी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा. त्याचं तोंड उतरलं. ढोलकीच्या शाईला तो टणत्कार यायचा तर ती चढी लावावी लागते, पांढरी एकला म्हणे ती झोपते. म्हणून लालबागचा तुकडा काळी दोनला नेला. म्हणजे अरेंजमेंटमधला पहिला मोठा निर्णय माझा नव्हता, ढोलकीचा होता, आणि नंतर कळलं की बहुतेक वेळा असंच असतं, पट्टी वाद्य ठरवतं.

त्याने क्लिक, म्हणजे हेडफोनमधली लयीची टिकटिक, ऐकत तीन टेक वाजवले, मस्त वाजवले. तो गेल्यावर मी शहाणपणा केला. स्क्रीनवर बघितलं तर त्याचे ठोके ग्रिडच्या रेघांवर नव्हतेच, काही किंचित आधी, काही नंतर. मला वाटलं चुकतोय बिचारा, क्लिकची सवय नसेल. सगळं निवडून क्वांटाइझ मारलं, एकेक ठोका रेघेवर नेऊन बसवला. ऐकलं आणि पोटात गोळा आला. सगळं बरोबर होतं आणि कुणीही नाचणार नाही असं होतं. जणू पोलीस परेड. परत मूळ टेक लावला, कान देऊन ऐकला तेव्हा कळलं की तो तिहाईला (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतात ती) जाताना जरासा पुढे सरतो आणि समेवर येताना केसभर थांबतो, म्हणजे नाचणारीचा पाय पडायला जागा ठेवतो. हा हिशोब त्याच्या हातात आहे आणि तो ग्रिडवर दिसतो फक्त चूक म्हणून. मग उलटं केलं. त्याची ढोलकी तशीच ठेवली आणि माझी पेटी, तुणतुणं, मंजिरी सगळं त्याच्यामागे परत वाजवलं, क्लिक बंद करून. तुणतुणं सॅम्पलमधलं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तयार आवाजातलं नव्हतं बरं का, ओळखीच्या गोंधळी काकांकडून दोन दिवसांसाठी आणलं, एकच तार, एकच सूर, आणि त्या एका सुराने जे काम केलं ते मी आधी लावलेल्या अकरा ट्रॅक्सने केलं नव्हतं.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे आमची मागची खोली, कपाट उघडं ठेवून त्यातल्या साड्या आणि समोर दोरीवर दोन गोधड्या. तेवढ्याने आवाज बराच कोरडा होतो, पैसे खर्च करायची गरज नाही. लॅपटॉप जुना. पहिल्या दिवशी ढोलकीवाला म्हणाला ताई मी वाजवतो आणि मला मागून ऐकू येतं. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज साठवून मग पुढे सोडतो तो तुकडा, १०२४ ला राहिला होता. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पल म्हणजे २३ मिलिसेकंद, आणि हे आत जाताना आणि बाहेर येताना दोन्हीकडे, तर त्याला आपलाच ठोका उशिरा यायचा. १२८ वर आणला तेव्हा निवांत झाला. पण लॅपटॉप तापून पंखा असा घोंघावायला लागला की पंख्याचाच आवाज माइकमध्ये. शेवटी लॅपटॉप बाथरूममध्ये आणि वायर दाराखालून. घरातल्या लोकांनी त्या दोन महिन्यांत जे सहन केलं त्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे.

बोटीचा वॉल्ट्झ. याने सगळ्यात जास्त रडवलं आणि मला वाटलेलं हा सगळ्यात सोपा, एक-दोन-तीन एक-दोन-तीन, त्यात काय. पण मी काहीही केलं तरी तो दादराच, आपला सहा मात्रांचा ताल, व्हायचा. अकॉर्डियन लावलं तरी दादरा, पियानो लावला तरी दादरा, म्हणजे कुठल्याही क्षणी कुणीतरी भावगीत म्हणायला लागेल असं. आठवडाभर कळेना काय चुकतंय. मग एका रविवारी नुसतं ऐकत बसले, मोजत बसले, आणि लक्षात आलं की माझ्या डोक्यात सहा मात्रा आहेत, तीन भरी म्हणजे वजनाच्या आणि तीन खाली म्हणजे हलक्या. चौथ्या मात्रेवर मी दर वेळी नकळत हात उचलत होते, चालही तिथे श्वास घेत होती. वॉल्ट्झमध्ये खाली नसतेच. प्रत्येक तिनातला पहिला हा पहिलाच असतो, जमिनीवर पाय, आणि मग दोन-तीन हलके. त्यात व्हिएन्नाच्या पद्धतीत दुसरा ठोका जरासा लवकर येतो, त्यामुळे तो गिरकी घेतल्यासारखा वाटतो. मग बेस फक्त पहिल्या ठोक्यावर ठेवला, एकदा सा एकदा प असा आलटून पालटून, कॉर्ड दुसऱ्या-तिसऱ्यावर, दुसरा हाताने थोडा आधी ओढला, आणि मुख्य म्हणजे चालीतल्या मींडा, सुरावरून सुरावर घसरणं, काढल्या. एक मींड राहिली की बोट परत ठाण्याच्या खाडीत. लय १६८ वर नेली तेव्हा कुठे लाटा आल्या.

मींड काढताना मला खरंच वाईट वाटलं हे कबूल करते. आपण एवढी वर्षं तेच शिकलो की सुरावरून सुरावर घसरत जायचं, उडी मारायची नाही.

हॉटेलच्या प्रसंगासाठी जरा वाचन केलं, म्हणजे रात्री मोबाइलवर. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा अमेरिकन व्हायोलिनवाला आपला जॅझ बँड घेऊन आला होता आणि पुढच्या वीसेक वर्षांत या शहरात जॅझ वाजवणाऱ्यांमध्ये गोवेकर भरपूर. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणायचे, ट्रम्पेट वाजवायचे आणि त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. यांना नोटेशन वाचता यायचं कारण गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच सॉल्फेजिओ (लिहिलेले सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. म्हणजे आपला ट्रंकवाला तिथे पोचणं अगदी बरोबर.

ट्रम्पेटवाला परवडत नव्हता, क्लॅरिनेट मिळालं. एका पोलीस बँडमधून रिटायर झालेले काका, वय अडुसष्ट, शर्ट इन केलेला, बुटाला पॉलिश, आणि मला म्हणाले, मुली, कागद दे. पहिल्यांदाच कुणीतरी कागद मागितला. मी म्यूजस्कोरमध्ये (नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर) सगळं लिहून, प्रिंट काढून ठेवलं होतं, अभिमानाने दिलं. इथे मूर्च्छना वापरली होती, चाल तीच पण जमीन ध वर, म्हणजे धानी, आणि धानीचे सूर म्हणजे ब्लूजवाले ज्याला मायनर पेंटाटोनिक म्हणतात तेच. हेडफोन लावले, ट्रॅक सुरू केला, काका वाजवायला लागले आणि चार बारमध्ये असा काही भयंकर आवाज की मला वाटलं केबल गेली. काका थांबले. रीड काढून उजेडात बघितली, परत बसवली, परत वाजवलं, परत तेच. मग हेडफोन काढून शांतपणे म्हणाले, यातलं कोण चुकतंय, मी की तू?

मी चुकत होते. त्यांच्या कागदावरचा सा फुंकला की बाहेर येते आपली काळी पाच. क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं असतं, लिहिलेल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजतं, त्यामुळे त्याचा कागद एक सूर वर लिहायचा असतो. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं, आणि म्यूजस्कोर हे आपोआप करतं सुद्धा, फक्त वरचं कॉन्सर्ट पिचचं बटण, म्हणजे सगळ्यांना ऐकू येतात तेच सूर दाखवणारं, बंद असायला हवं. ते मी सोयीसाठी चालू केलं होतं आणि तसंच प्रिंट मारलं. काका म्हणाले, राहू दे, मीच वर वाचतो. आणि सहा पानं त्यांनी एकेक सूर वर चढवून, न थांबता, दिसतंय तसं वाजवली. माझी विशारदची सनद त्या भिंतीवर टांगलेली होती, मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

स्विंगची लय त्यांना समजावून सांगायची वेळच आली नाही, उलट गंमत ढोलकीवाल्याने केली. तो त्या दिवशी पैसे घ्यायला आला होता आणि दारात उभा राहून ऐकत होता. ताई, हा केरवा आहे पण चालतोय दादऱ्यासारखा. मी अर्धा तास व्हिडिओ बघून जे समजून घेतलं होतं की दोन सारख्या नोटांऐवजी पहिली लांब दुसरी आखूड, साधारण दोनास एक, ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

रेकॉर्डिंग हॉलचा प्रसंग. इथे व्हायोलिनं पाहिजेत, भरपूर. आणि पैसे एका व्हायोलिनपुरते. वसईचा एक मुलगा मिळाला, चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेला, वाचन पाण्यासारखं, सोबत व्हायोला पण घेऊन आला. ठरवलं की त्यालाच चार वेळा वाजवायला लावायचं आणि खाली सॅम्पलची चेलो. माझा पहिला कागद बघून तो हसला. मॅडम, ही शेवटची नोट माझ्याकडे नाहीये, घरून आणू का? व्हायोलिनची सगळ्यात खालची तार पांढरी पाचची, मी त्याच्याखाली काळी तीन लिहिली होती. पेटीवर डावीकडे पट्ट्या असतातच ना, दाबायची सवय.

पण खरी चूक ती नव्हती. त्याने दुसऱ्या व्हायोलिनचा भाग वाजवला आणि विचारलं, हे काय आहे मॅडम, आठ बार मी एकच नोट धरून बसलोय, मधे चहा घेऊन येऊ शकतो. माझ्या अरेंजमेंटमध्ये स्ट्रिंग्ज म्हणजे पेटीवर धरलेले कॉर्ड होते. चार बोटं एकदम खाली, एकदम वर. त्यातल्या एकेका बोटाची वाट वेगळी काढून बघितली तर ती गाणं नव्हतीच, उरलेला सूर होती. आणि खालच्या पट्टीत मी चेलोला सा आणि ग जवळजवळ दिले होते, त्याने नुसता चिखल. खर्जात गंधार घालायचा नसतो हे खरं तर तानपुऱ्यानेच शिकवायला पाहिजे होतं, खर्जाची तार छेडली की ग आपोआप वर, दोन सप्तकं सोडून उमटतो, तो खाली कुणी लावत नाही. मग चेलोला सा-प, ग वर.

त्याला म्हटलं आठ दिवसांनी ये. त्या आठ दिवसांत मी प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी गाऊन बघितली, भांडी घासताना, लोकलमध्ये मनातल्या मनात. गाता आली नाही की खोडायची. पूर्वी फिल्मच्या अरेंजर लोकांचं मोठेपण कळायला मला वयाची त्रेचाळीस वर्षं लागली. संगीतकाराने चाल दिल्यावर मागे जी दुसरी चाल चालते, ऑब्लिगातो म्हणतात ते, ती हे लोक लिहायचे आणि नाव फारसं पुढे यायचं नाही. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलालजी व्हायोलिन शिकले, त्यांनी तर १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात रागांवर रचना बांधून अख्ख्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम केला. आपल्याकडे अनिल मोहिले. हे लोक पेटीवर कॉर्ड धरून बसत नव्हते.

दुसऱ्या वेळी त्या मुलाने दोन्ही व्हायोलिनं दोनदा-दोनदा वाजवली, व्हायोला एकदा. एक युक्ती त्यानेच सांगितली, दर टेकला खुर्ची माइकपासून हलवायची आणि बोटं वेगळ्या पोझिशनला घ्यायची, नाहीतर चार माणसं न वाटता एकच माणूस जाड झाल्यासारखं वाटतं. तिसऱ्या टेकच्या अगदी शेवटी, लांब सूर धरलेला असताना, स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी. तो थांबला नाही, धनुष्य तसंच ओढत राहिला, डोळ्यांनी मला विचारलं आणि मी मान हलवली की चालू दे. नंतर ती शिट्टी कापायला दीड तास गेला आणि नीट कापली गेलीच नाही, हेडफोन लावून ऐकलं तर अजून आहे.

गावचा मांडो, गोव्यातला गाण्याचा प्रकार, सगळ्यात शेवटी केला. संथ, सहा मात्रांचा, दोन आवाज तिसऱ्या सुराच्या अंतराने बरोबर चालतात तसं व्हायोलिन आणि क्लॅरिनेट, खाली घुमट. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं. पूर्वी घोरपडीचं लावायचे, आता तिला संरक्षण आहे म्हणून बकऱ्याचं लावतात. ओळखीतल्या एकांकडून आणलं. ढोलकीवाल्याने दहा मिनिटांत हात बसवला आणि म्हणाला की उघड्या तोंडावरचा तळवा आत-बाहेर केला की डग्ग्यासारखं घुमतं. या तुकड्यावर मी सगळ्यात जास्त जीव लावला. तीन मिनिटं दहा सेकंद. तालमीत मित्राने प्रसंगच छाटला, बाहुल्या तेवढा वेळ नुसत्या उभ्या राहायला लागल्या म्हणून, आणि मांडो उरला अडतीस सेकंद. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तालीम बघितली, त्याचं बरोबर होतं, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

आणि शेवटचा प्रसंग, ट्रंक परत येते. माणूस नाही, फक्त ट्रंक. यासाठी मी आधी सगळं एकत्र करून मोठं काहीतरी केलं होतं, स्ट्रिंग्ज, पियानो, मागून घुमट, अगदी ढोलकीची आठवण वगैरे. मित्र म्हणाला, रडवायचंय का तुला? म्हटलं हो. म्हणाला, मग एवढी माणसं कशाला?

एकेक ट्रॅक म्यूट करत गेले. घुमट गेलं, ढोलकी गेली, चेलो गेली. पियानो गेला तेव्हा एक वेगळीच गोष्ट कानावर आली. पियानोबरोबर वाजवताना त्या व्हायोलिनवाल्या मुलाचा गंधार वर होता, कारण पियानोचा आणि पेटीचा ग तानपुऱ्यातल्या ग पेक्षा चढाच असतो, जवळपास चौदा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). पेटीवाल्यांना हा टोमणा जन्मभर ऐकावा लागतो, रेडिओने तर १९४० मध्ये पेटी बंदच करून टाकली होती. म्हणून त्याला परत बोलावलं आणि म्हटलं, आता फक्त तानपुरा. आणि तानपुऱ्याचा सा पांढरी एकला लावला नाही, पांढरी तीनला लावला, म्हणजे चालीच्या ग वर, पहिली तार म ची. त्याला सांगितलं काही बदलू नकोस, गावातली चाल जशी आहे तशी, तेच सूर, त्याच क्रमाने, फक्त हळू.

त्याने वाजवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबला. मॅडम, ही तीच चाल आहे? म्हटलं तीच. त्याने कागद वर धरून बघितला. तेच सूर होते. पण जमीन सरकल्यामुळे भूप गेला होता आणि मालकंस आला होता, सकाळी उघडं असलेलं घर रात्री बंद दिसावं तसं. मी काही रचलं नव्हतं तिथे, फक्त तानपुऱ्याच्या खुंट्या पिळल्या होत्या. दोन मिनिटं वीस सेकंद. एक टेक. गोधडीच्या पलीकडे सासूबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही.

जूनमध्ये प्रयोग झाला, पहिल्याला नव्वदेक माणसं, निम्मी पोरं. ट्रॅक मी स्वतः लॅपटॉपवरून सोडत होते आणि वॉल्ट्झ तीन सेकंद आधी सोडला, बोट स्टेजवर यायच्या आत लाटा आल्या, कुणाला कळलं नाही बहुतेक. लालबागला पोरांनी टाळ्या धरल्या आणि अर्थातच ढोलकीच्या थांबण्यावर सगळी गडबडली. पुढच्या रांगेत एक चार-पाच वर्षांची मुलगी शेवटच्या प्रसंगात ट्रंक यायच्या आधीच, अंधारात व्हायोलिन सुरू झाल्याझाल्या, मोठ्याने म्हणाली, पेटी आली! तिची आई तिला गप्प करत होती.

नाटकाचे पाच प्रयोग झाले, सहाव्याला हॉल मिळत नाहीये. सामान ठेवायला मित्राकडे जागा नाही म्हणून ट्रंक सध्या आमच्या मागच्या खोलीत आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. मागच्या आठवड्यात ढोलकीवाला उरलेले पैसे घ्यायला आला. कपडे बाजूला करून त्याने झाकणावर दोन-तीन ठिकाणी बोटं मारून बघितली, कान लावला, कोपऱ्याजवळ परत एकदा मारली. ताई, म्हणाला, ही बरोबर काळी दोनला लागते, लालबागला हीच का नाही वाजवली आपण?

मी त्याला चहा टाकला आणि माइक परत लावला.